आश्रयदाते गेले, वेळापत्रक आलं : चेरुतुरुत्तीच्या कलामंडलमचा प्रकरण अभ्यास

कोकण रेल्वेने एर्नाकुलमकडे जाणारी गाडी शोरनूर सोडते, भारतपुळा नदीचा पूल ओलांडते आणि लगेच एक छोटं स्टेशन मागे पडतं : वळ्ळत्तोळ नगर. हेच चेरुतुरुत्ती. मोठी बाजारपेठ नाही की फार गाजलेलं देवस्थान नाही. तरीही केरळच्या शास्त्रीय रंगकलांमध्ये गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत जे घडलं, त्यातलं बरंचसं या गावातल्या एका निवासी शाळेतून घडलं. कथकलीच्या कलावंतांच्या नावाआधी लागणारा ‘कलामंडलम’ हा शब्द म्हणजे या शाळेचं नाव. ते आडनाव नव्हे.

घराण्यांच्या आश्रयावर जगणारी कला शाळेत आणली की तिचं नेमकं काय होतं, हे तपासायला याहून चांगलं प्रकरण भारतात क्वचितच सापडेल. इथे एकाच छपराखाली तीन अगदी वेगळ्या अवस्थेतल्या कला आल्या. कथकली भरलेल्या घरासारखी होती, पण घरमालक कर्जात होता. मोहिनीअट्टम हे नृत्य जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. कूडियाट्टम ही संस्कृत नाटकाची परंपरा जातीच्या आणि देवळाच्या भिंतीआड बंद होती. तिघींना शाळा एकच मिळाली आणि निकाल मात्र तीन लागले.

1930 आधी

कथकलीची मंडळी तोवर ‘कळियोगम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचांत राहायची. संच पाळायचे ते जमीनदार नायर घराणी आणि नंबूदिरी ब्राह्मणांच्या मोठ्या वास्तू. किरीट, घागरे, वाद्यं, नटांचं जेवण, गुरूचा पगार, सगळं त्या घराच्या खर्चाने चाले. वेळ्ळिनेळीची ओळप्पमण्णा वास्तू हे त्याचं ठळक उदाहरण. कथकलीची ‘कल्लुवळी’ बाणी तिच्या आश्रयाने घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र मातृवंशीय कुटुंबांच्या वाटण्या होऊ लागल्या आणि तीस-चाळीस माणसांचा संच पोसणं कुणा एकाला झेपेना. संच मोडला की नुसते प्रयोग थांबत नसत, शिकवणंही थांबे, कारण शिकवण्याची वेगळी व्यवस्थाच नव्हती. पोरगा संचात राहायचा, गुरूची सेवा करायचा आणि रात्री छोट्या भूमिकेत उभा राहायचा.

मोहिनीअट्टमला तर संचाचाही आधार नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारात या नृत्याला मान होता. पुढे त्याची बदनामी झाली, चांगल्या घरच्या मुलींनी शिकण्याचा प्रश्नच उरला नाही आणि जाणत्या बायका गावोगाव विखुरल्या.

पैसा, जागा आणि एक बहिरा कवी

शाळा काढली ती मलयाळम महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मणक्कुळम मुकुंद राजा यांनी. वळ्ळत्तोळ यांचा जन्म 1878चा. तरुणपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली होती. चेंडा आणि मद्दळम या वाद्यांच्या तालावर उभी असलेली कला वाचवायला जो माणूस धावला, त्याला तो ताल ऐकू येत नव्हता. तो कथकली हातांमध्ये आणि डोळ्यांमध्ये वाचत होता. शाळेच्या शिस्तीत मुद्रा आणि नेत्राभिनयाला जे स्थान मिळालं त्यामागे ही एक गोष्ट असावी, असं मानायला जागा आहे.

1927 साली संस्थेची नोंदणी झाली. भांडवल उभं करायला चक्क लॉटरी काढली गेली. पुन्हा एका धनिकाच्या दारात जाण्यापेक्षा हजारो अनोळखी माणसांकडून थोडेथोडे पैसे घ्यायचे, हा त्या काळात धाडसी विचार होता. नोव्हेंबर 1930मध्ये कुन्नमकुळम इथे वर्ग सुरू झाले, मग शाळा त्रिशूरजवळच्या अंबलपुरमला गेली आणि 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात चेरुतुरुत्तीला, नदीकाठी. गावाची निवड व्यवहाराच्या दृष्टीने अचूक ठरली. आसपासचा वळ्ळुवनाड हा कथकलीचाच मुलूख होता, त्यामुळे मुलं, गुरू, वादक, रंगभूषाकार आणि जाणता प्रेक्षक हे सगळं हाताशी होतं. दौऱ्यावर जायचं तर पेट्या-पेटारे घेऊन पूल ओलांडला की शोरनूर जंक्शन.

लॉटरीचा पैसा मात्र भांडवलाचा पैसा असतो. दर महिन्याचा पगार त्यातून निघत नाही. 1941मध्ये शाळा कोचीन संस्थानच्या सरकारकडे सोपवावी लागली आणि केरळ राज्य झाल्यावर ती अनुदानावर आली. खासगी आश्रय सुटला, सरकारी आश्रय लागला. हा धागा पुढे पुन्हा येईल.

कथकली : शरीर कसं घडवलं

शाळेचं सर्वांत मोठं भाग्य म्हणजे तिला लाभलेले पट्टिक्काम्तोडी रावुण्णी मेनन. कल्लुवळीची कडक देहबोली त्यांच्या अंगात मुरलेली होती आणि कोडुंगल्लूरच्या विद्वानांकडे जाऊन त्यांनी रसाभिनयाचा स्वतंत्र अभ्यास केला होता. या दोन गोष्टी एकत्र करून त्यांनी जी बाणी शिकवली, तीच पुढे ‘कलामंडलम शैली’ म्हणून रूढ झाली. दक्षिणेकडच्या बाणीचे कुंजू कुरुपही इथे शिकवून गेले. कृष्णन नायर, रामनकुट्टी नायर, पद्मनाभन नायर (हे रावुण्णी मेनन यांचे चिरंजीव) आणि पुढच्या फळीत गोपी, असे शिष्य तयार झाले.

या शिक्षणाचा दिवस पहाटे तीन-चारला उजाडायचा. अंगाला तेल, मग उड्या आणि पदन्यासाचा व्यायाम. डोळ्यांत तूप घालून नेत्रसाधना : बुबुळं वर-खाली, आडवी, तिरपी, वर्तुळात, आडव्या आठच्या आकारात, तीन लयींमध्ये, मान अजिबात न हलवता. अंघोळ आणि न्याहारीनंतर सकाळचा मोठा भाग ‘चोल्लियाट्टम’चा. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरतो, गायक पद म्हणतो आणि विद्यार्थी वेशभूषेशिवाय अख्खा प्रवेश करतो. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात 24 मूळ मुद्रा, नवरस आणि भुवया, पापण्या, गाल, ओठ यांचे वेगवेगळे व्यायाम.

उभं राहण्यापासूनच ही कला अवघड आहे. गुडघे बाहेर, कंबरेला आत बाक, छाती पुढे आणि शरीराचा भार पावलांच्या बाहेरच्या कडेवर, अंगठे वर वळलेले. अशा पवित्र्यात तासन्‌तास राहता यावं म्हणून पावसाळ्यात ‘उळिच्चिल’ म्हणजे मर्दन. विद्यार्थी चटईवर पालथा झोपतो, गुडघे दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले असतात आणि गुरू वर बांधलेल्या आधाराला धरून आपला भार तोलत पायाने त्याची पाठ, कंबर आणि मांड्या रगडतो. तेल भरपूर लागतं. पावसाळाच का, तर हवा गार असते, अंग सैल पडतं आणि उत्सवांचे प्रयोग बंद असल्याने शरीराला सावरायला सवड मिळते.

चुकतं ते इथेच. मांड्या खुब्यातून न उघडता गुडघ्यातून जबरदस्तीने वळवल्या तर गुडघा वर्षभरातच कुरकुरू लागतो. कंबरेचा बाक पोटाच्या आधाराशिवाय धरला तर पाठ जाते. मर्दन करणाऱ्याला भार तोलता येत नसेल तर वाढत्या वयाच्या मुलाला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे हे काम कुण्याही तेल चोळणाऱ्याचं नाही. ज्याने स्वतः ते मर्दन सोसलं आहे आणि ज्याला मुलाचा रोजचा सराव माहीत आहे, अशाच गुरूचं आहे.

अभ्यासक्रमाची चढण अशी. आधी पडद्याआडचं वंदनाचं नृत्य ‘तोडयम’, मग प्रयोगाच्या सुरुवातीचं नृत्य ‘पुरप्पाडु’, बहुधा त्यातच रंगमंचावरचं पहिलं पाऊल. पुढे छोट्या भूमिका, मधल्या दर्जाच्या भूमिका आणि सर्वांत शेवटी मुख्य पात्रं. ताल शिकताना 8 मात्रांचा चेंपडा, 10 मात्रांचा चंपा, 14 मात्रांचा अडंता आणि 6 मात्रांचा पंचारी अंगात भिनावा लागतो. कणा मात्र कोट्टयम तंपुरान यांच्या चार नाटकांचा : बकवध, किर्मीरवध, कल्याणसौगंधिक आणि निवातकवच-कालकेयवध. या चारांत पायरी-पायरीने सगळं बांधलेलं आहे, नटाला मोकळीक फार कमी. ही नाटकं पक्की झाली की नळचरितासारख्या भावप्रधान नाटकात नट स्वतःचं काही करू शकतो. क्रम उलटा झाला तर चेहरा बोलतो आणि शरीर ढिलं राहतं. जाणत्या प्रेक्षकाला ते पहिल्या ‘कलाशम’मध्येच, म्हणजे पदांच्या मध्ये येणाऱ्या शुद्ध नृत्याच्या तुकड्यातच, दिसतं.

शाळेने आणखी एक महत्त्वाचं काम केलं, ज्याची चर्चा कमी होते : पडद्यामागच्या कसबांना स्वतंत्र विषयांचा दर्जा दिला. गायनात नीलकंठन नंबीशन, चेंड्यात कृष्णनकुट्टी पोदुवाळ, मद्दळममध्ये अप्पुकुट्टी पोदुवाळ यांनी आपापली परंपरा उभी केली. रंगभूषेतली ‘चुट्टी’ हाही विषय झाला. नट जमिनीवर उताणा झोपतो आणि चुट्टीकार त्याच्या जबड्याच्या कडेने तांदळाचं पीठ व चुन्याच्या लगद्याने पांढरी किनार उभी करतो. पूर्वी ती थरावर थर देऊन वाढवत, नंतर कागदाची कापलेली कड चिकटवण्याची पद्धत आली आणि वेळ वाचला. लगद्यात चुना कमी पडला तर किनार घामाने सुटते, जास्त झाला तर कातडी भाजते. रंग हरताळ आणि हिंगुळाचे. हरताळात नीळ मिसळली की ‘पच्चा’ म्हणजे सात्त्विक नायकाच्या वेशाचा हिरवा तयार होतो. हे दगडावर तासन्‌तास उगाळून खोबरेल तेलात कालवायचे. हरताळात आर्सेनिक असतं आणि हिंगुळात पारा, तेव्हा जखम असलेल्या चेहऱ्यावर ते लावू नयेत. डोळे लाल करायला वांग्याच्या कुळातल्या चुंडा नावाच्या झाडाच्या फुलातला बारीक दाणा तळहातावर चोळून खालच्या पापणीत ठेवतात. किरीट शिवण नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडात कोरलेले असतात. हे सगळं शिकलेला माणूस नसेल तर नट कितीही तयार असो, प्रयोग होत नाही. कळियोगम मोडल्यावर आधी नाहीशी होणारी माणसं हीच असतात.

मोहिनीअट्टम : विहिरीत पाणीच कमी

कथकलीत शाळेला शिकवायला अपार साहित्य होतं. मोहिनीअट्टमचा वर्ग 1930च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला तेव्हा शिक्षिका सापडणंच मुश्किल झालं. ओरिक्कलेडत्त कल्याणी अम्मा आल्या, तंकमणी ही पहिली शिष्या मिळाली. पण कल्याणी अम्मा पुढे शांतिनिकेतनला गेल्या, तंकमणीचा विवाह कथकली नट गोपीनाथ यांच्याशी झाला आणि वर्ग थांबला. मग कृष्ण पणिक्कर यांनी शिकवलं, त्यातून कल्याणीकुट्टी अम्मा घडल्या, आणि वर्ग पुन्हा थांबला. सलग धागा लागला तो 1950 पासून, तोट्टश्शेरी चिन्नम्मु अम्मा आल्यावर. त्यांच्या स्मरणात मोजक्याच रचना उरल्या होत्या.

त्या मोजक्या भांडवलावर पूर्ण अभ्यासक्रम उभारण्याचं श्रेय प्रामुख्याने त्यांच्या शिष्या कलामंडलम सत्यभामा यांचं. अडवूंची, म्हणजे नृत्यातल्या मूळ पदन्यासांची, तगणम, जगणम, धगणम आणि सम्मिश्रम अशा चार गटांत मांडणी झाली, नव्या रचना बसवल्या गेल्या, पांढऱ्या-सोनेरी कसवू वस्त्राचा आणि बाजूला बांधलेल्या अंबाड्याचा आजचा वेश ठरला. हे पुनरुज्जीवन होतं की नवनिर्मिती, हा वाद जुना आहे. आमच्या मते दोन्ही होतं आणि त्यात कमीपणा नाही. मात्र एक परिणाम नोंदवायला हवा : मूळ साठा लहान असल्याने शाळेने जे ठरवलं तेच प्रमाण झालं. कथकलीत एखाद्या विद्यार्थ्याला शाळेबाहेरच्या गुरूकडे दुसरा पाठ सापडे. मोहिनीअट्टममध्ये तशी सोय जवळजवळ नव्हती.

ती सोय नंतर शाळेबाहेर पडलेल्यांनी केली. कल्याणीकुट्टी अम्मा आणि त्यांचे पती कृष्णन नायर यांनी त्रिप्पूणित्तुरा इथे स्वतंत्र संस्था चालवली आणि तिथे वेगळी बाणी रुजली. दुसरी वाट मुंबईतून निघाली. डॉ. कनक रेळे यांनी 1970च्या सुमारास केरळात हिंडून चिन्नम्मु अम्मा, कुंजुकुट्टी अम्मा आणि कल्याणीकुट्टी अम्मा या ज्येष्ठ नर्तिकांचं चित्रीकरण केलं. त्या अभ्यासातून आणि कर्नाटक संगीताऐवजी केरळच्या सोपान संगीताचा आधार घेत त्यांनी आपली मांडणी केली. त्यांच्या नालंदा नृत्य कला महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची नृत्यातली पदवी घेता येऊ लागली. चेरुतुरुत्तीला जे निवासी शिस्तीतून साधलं, ते इथे महानगरातल्या पदवी महाविद्यालयाच्या चौकटीत आणलं गेलं. मराठी नृत्यशिक्षकांनी दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

दारं कधी उघडली

1965मध्ये पैंकुळम राम चाक्यार यांच्या मार्गदर्शनाखाली कूडियाट्टमचा विभाग सुरू झाला. ही संस्कृत रंगभूमी परंपरेने चाक्यार आणि नंबियार कुटुंबांनी फक्त देवळाच्या कूत्तंबलममध्ये, म्हणजे आवारातल्या नाट्यगृहात, करायची, असा दंडक होता. शाळेत शिवन नंबूदिरी हे चाक्यार नसलेले नट तयार झाले आणि गिरिजा यांनी नंबियार कुळाबाहेरून येऊन नंग्यारकूत्तू हा स्त्रियांचा एकपात्री प्रकार आत्मसात केला. पुढे संस्थेच्या आवारातच कूत्तंबलम बांधलं गेलं, खांबांवर 108 करणं, म्हणजे नृत्यातल्या ठरावीक देहस्थिती, कोरलेलं. आता प्रयोग बघायला कुणालाही देवळाच्या नियमांतून जावं लागत नव्हतं. 2001मध्ये युनेस्कोने कूडियाट्टमचा गौरव केला त्यामागे या मोकळ्या झालेल्या दाराचा मोठा वाटा आहे.

पण शाळेचं दार उघडलं म्हणून देवळाचं उघडत नाही. 1957मध्ये प्रवेश घेतलेले कलामंडलम हैदर अली हे कथकली संगीतातले पहिल्या दर्जाचे गायक झाले. मुसलमान म्हणून अनेक देवळांच्या आवारात मात्र त्यांना गाता आलं नाही. कथकलीचे बहुतेक प्रयोग देवळांच्या उत्सवात होतात, त्यामुळे हा बहिष्कार थेट पोटावर येणारा होता. संस्था प्रशिक्षण देऊ शकते, रंगमंच देणारा बाजार तिच्या हातात नसतो.

मुलींना कथकलीचा प्रवेश मिळायला तर 2021 उजाडलं. त्याआधी, 1975पासून, त्रिप्पूणित्तुऱ्याचा महिलांचा कथकली संच रात्र-रात्र प्रयोग करत होता. म्हणजे मुलींचं शरीर ही कला झेपू शकत नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली होती. मुलांना मोहिनीअट्टम शिकता यावं हा निर्णय 2024चा. पुरुष नर्तकांच्या रंगरूपावर एका नर्तिकेने केलेल्या शेरेबाजीने केरळभर संताप उसळला होता. त्याच सुमारास नर्तक आर. एल. व्ही. रामकृष्णन यांनी संस्थेच्या कूत्तंबलममध्ये मोहिनीअट्टम सादर केलं आणि 2025च्या सुरुवातीला ते भरतनाट्यमचे अध्यापक म्हणून तिथेच रुजू झाले. इतक्या जाणत्या संस्थेला एवढा उशीर लागावा, ही या प्रकरणातली सर्वांत न पटणारी बाजू आहे.

विद्यापीठ झाल्यावर

2006-07मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आठवीपासून पदव्युत्तर आणि पीएच.डी.पर्यंत सोय झाली. पदवी असल्याने कलावंताला सरकारी शाळेत नोकरी मिळते, घरच्यांचा विरोध कमी होतो, मुलीला शिकत राहता येतं. हे फायदे छोटे नाहीत.

अडचण वेळेची आहे. कथकलीचा हंगाम हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, देवळांच्या उत्सवांचा. नेमक्या मार्चमध्ये परीक्षा. ज्या रात्री विद्यार्थ्याने ज्येष्ठ नटाच्या बाजूला छोट्या भूमिकेत उभं राहून शिकायचं, त्याच रात्री तो उत्तरपत्रिकेची तयारी करत असतो. जूनमध्ये मर्दनाचा मोसम सुरू होतो तेव्हाच नव्या वर्षाचे वर्गही. रोजच्या सरावातून सामान्य विषयांचे तास वजा केले की चार नाटकांचा कणा पूर्वीइतका घट्ट बांधला जात नाही. यावर खरा उपाय एकच दिसतो : प्रयोगातला सहभाग हीच परीक्षा मानून त्याला श्रेयांक देणं आणि वेळापत्रक मलयाळम पंचांगाच्या उत्सवांना धरून आखणं.

दुसरी अडचण पैशाची. 2024च्या अखेरीला निधीअभावी शंभराहून जास्त हंगामी कर्मचाऱ्यांना, त्यात शिक्षकही आले, कामावरून कमी केल्याचा आदेश निघाला आणि सरकारने लक्ष घातल्यावर तो लगेच मागे घेतला गेला. आदेश फिरला तरी दुखणं उघड झालं. शिकवण्याचा मोठा भाग हंगामी माणसांवर चालला आहे. कथकलीचा गुरू एका वर्षात मुलाचं शरीर ओळखतो आणि पुढची सात-आठ वर्षं घडवतो. दर वर्षी नेमणुकीची वाट पाहणाऱ्या माणसाकडून हे काम होत नाही.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पण कोकणातल्या दशावतारी मंडळात पोरगा आजही रात्रीच्या प्रयोगात उभा राहूनच शिकतो. त्यासाठी निवासी शाळेचा विचार कुणी केला तर चेरुतुरुत्तीकडून तीन गोष्टी आधी उचलाव्यात. नटाबरोबर रंगभूषाकार, गायक आणि पखवाजीलाही पहिल्या दिवसापासून विद्यार्थी म्हणून घ्यावं. गुरूची नेमणूक कायम असावी. आणि मुलगी, मुलगा, कुठल्याही जातीधर्माचं मूल, सगळ्यांना प्रवेश पहिल्याच प्रवेशअर्जात लिहिलेला असावा, नव्वद वर्षांनी दुरुस्ती करून नव्हे.